हैबतीची कोरडी राख

मळ्यावरच्या खेचरांच्या वैद्यानं माझ्या बोक्याचं, हैबतीचं, पोट दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "बोनोम, ग्राव्हेल. उशीर केलास."

इथल्या बोलीत बोनोम म्हणजे म्हातारबा. ग्राव्हेल म्हणजे लघवीत वाळू धरते. बोक्याची वाट बारीक, वाळू तिथं अडकते आणि मूत आतच तुंबतं. तो फुगवटा माझ्याही हाताला लागला, लिंबाएवढा, टणक.

तुमच्या घरी बोका असेल म्हणून सांगतो.

आम्ही या बेटावर सूयाक गावाच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्याच्या वस्तीत राहतो. शिध्यात तांदूळ, डाळ आणि खारी मासळी मिळते. माझ्या गळ्यात माळ, मी मासळी खात नाही. शेजारी मागायचे, पण मी सगळी हैबतीला घातली. आम्ही उसात जाताना त्याला तांदळाच्या कणगीपाशी कोंडायचो, उंदरांसाठी. पाणी ठेवत नव्हतो. सांडलं तर तांदूळ भिजतील.

दुखण्याच्या पहिल्या दिवशी तो मुतायला ठेवलेल्या राखेच्या टोपलीत चारदा बसला. मी म्हटलं, पोट साफ नाही. एरंडेल पाजलं.

सगुणा, माझी बायको, म्हणाली, "अवो, त्याला मुतायचंय. राख बघा, कोरडी हाय."

"तू कधीपासून वैद्य झालीस?"

"राख बघायला वैद्य कशाला लागतो?"

दुसऱ्या दिवशी राखेत रक्ताचा ठिपका. मी पुन्हा एरंडेल पाजलं. खेचरांच्या वैद्याकडं मांजर नेलं तर वस्ती हसेल, हे डोक्यात.

तिसऱ्या दिवशी तो ओकला, मग ओरडायचा थांबला. मला वाटलं, उतार पडला. सगुणेनं त्याला पदरात घेतलं आणि खेचरांच्या तबेल्याकडं चालू लागली. मी मागं.

तबेल्यापुढं बसलो. आधी खेचरं, मग आम्ही.

वैद्यानं कोमट फडक्यानं शेकलं. दोन थेंब आले, लाल. त्यानं विचारलं, "खायला काय? पाणी?"

मी सगुणेकडं बघितलं.

"सांगा की आता," सगुणा म्हणाली.

दुपारच्या आत हैबती तिच्या पदरातच गेला.

आता दुसरा बोका आहे. खारी मासळी कोळ्याला देतो, तो ताजी देतो. कणगीपाशी पाण्याचं भांडं असतं. तांदूळ दोनदा भिजले, वाळत घातले. राख रोज सकाळी मी बघतो. ओली दिसली की मगच कामाला जातो.

तुझं खरं होतं, असं सगुणेला मी अजून म्हटलेलं नाही. इथं लिहिलंय. तिला वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवा.