तिसरा भाग सगळ्यात चांगला, असं मी म्हणालो

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. मी घरातला वाद जिंकलो.

दुपारी टीव्हीवर आमच्या आवडत्या सिनेमाचे तिन्ही भाग ओळीने लागले होते. आमचे पक्ष वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. मी पहिल्या भागाचा, सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., दुसऱ्याच्या. तिसऱ्यात मेलेला नायक जुळा भाऊ म्हणून परत येतो. तो भाग टाकाऊ, एवढ्यावरच काय ते एकमत.

आज ती नुसतीच बघत बसली होती. म्हणून तिला डिवचायला मी गंभीर चेहऱ्याने सिद्धान्त मांडला, "तिन्हींत श्रेष्ठ तिसराच."

मुलीचा घास हातातच राहिला. इथल्या गुजराती वळणाने तिने विचारलं, "पप्पा, तबियत बरी आहे ने तुमची?"

सुनंदा म्हणाली, "असेल. तुम्ही म्हणता तर असेल."

मग मी त्या जुळ्या भावाची बाजू न्यायशास्त्राला लाज वाटेल इतकी ताणली. तिने मान डोलावली आणि ताटं उचलली.

सुनंदा जिथे शिकवायची, त्या आमच्या डिंडोली भागातल्या शाळेतले मराठीचे वर्ग मुलांअभावी बंद झाले, तेव्हापासून ती घरी आहे. आता तिला सगळंच चालतं. हीच बाई पाहुण्यांसमोर माझ्या श्लोकातली चूक काढायची.

तुमच्या घरात कोणी असं गप्प झालं होतं का? तुम्ही काय केलंत? मला खरंच सुचत नाहीये. तिने माझ्याशी भांडणं सोडलंय, आणि मला त्याची भीती वाटते.