न लिहिलेला पेपर, न घेतलेली रीडिंग

दुपारच्या चहाला आमच्या डिपार्टमेंटमध्ये पूर्वी दोनच विषय असायचे. हिवाळ्यात धुकं आणि उन्हाळ्यात एसी. मग एआय आलं आणि विषयांची ददात मिटली! हल्ली कुणी ना कुणी कप हातात घेऊन "अरे, आज काय झालं माहितीये का" म्हणतच येतं. जुन्या मित्राला फोनवर एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्याचं धरून तिसरा. बायको म्हणते, "तुमच्याकडे संशोधन पण होतं की नुसते किस्सेच होतात?"

मी मूळचा अकोल्याचा. चंदीगडला एका संशोधन संस्थेत गव्हावर काम करतो. वाढत्या उन्हाने गव्हाचं काय होतं, ते बघणं हा माझा उद्योग. शेजारच्या केबिनमध्ये वृषाली, कोल्हापूरची. आणि आम्हा दोघांचे हेड ढिल्लों सर, रिटायरमेंटला टेकलेले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं.

*

सुरुवात ढिल्लों सरांपासूनच करतो.

कृतिका नावाची एमएस्सीची मुलगी, पंचकुल्याहून येऊन-जाऊन करणारी. तिने प्रोजेक्ट रिपोर्टचा ड्राफ्ट सरांना वाचायला दिला. शेवटच्या संदर्भांच्या यादीत सरांना स्वतःचंच नाव दिसलं. पेपरचा विषय होता, गव्हाची मुळं उष्णता कशी लक्षात ठेवतात.

सरांना हा पेपर आठवेना!

त्यांनी कपाट उपसलं. जुन्या फायली काढल्या. कॅनडात असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून विचारलं, "पुत्तर, हमने कभी रूट्स पे कुछ किया था?" तोही बिचारा गोंधळला. म्हणाला, "सर, किया होगा."

त्या दिवशी सर आले, पण चहाला हात लावेनात. आम्हाला कळेना. मग हळूच म्हणाले, "बड़े भाई साहब का भी ऐसे ही शुरू हुआ था." त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरच्यांनासुद्धा ओळखत नव्हते, हे आम्हाला माहीत होतं.

वृषालीने कप खाली ठेवला आणि लॅपटॉप उघडला. शोध शोध शोधलं. असा पेपर जगात कुठेच नव्हता! कृतिकाला बोलावलं. ती आल्या आल्याच रडायला लागली. संदर्भ कमी पडत होते म्हणून तिने एआयकडून मागून घेतले होते, आणि एकही उघडून पाहिला नव्हता.

आम्हाला वाटलं, आता सर फाडून खाणार. सर उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून गरजले, "ओ शुक्र है रब दा! पेपर झूठा है, मैं ठीक हूँ!"

नंतर त्यांनी तिला शेजारी बसवून यादीतला एकेक संदर्भ तपासायला लावला. दोन दुपारी गेल्या त्यात. अगदी शेवटी स्वतःच्या नावावर काट मारताना मात्र त्यांचा हात थांबला. म्हणाले, "वैसे टाइटल अच्छा है, यार. यह पेपर मुझे लिखना चाहिए था."

*

मनदीप हा वृषालीचा पीएचडीचा विद्यार्थी. संगरूरकडच्या खेड्यातला. बारावीपर्यंत पंजाबी माध्यम. इंग्रजी तो व्याकरणाच्या पुस्तकातून शिकला, त्यामुळे त्याचं इंग्रजी म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट! कुठे सुरकुती म्हणून नाही.

त्याच्या थिसिसचं एक प्रकरण तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं, तर निकाल आला: बहुतेक मजकूर एआयने लिहिलेला. झालं. कमिटी बसणार असं ठरलं. पोराने मेसमध्ये जायचं सोडलं. वृषालीसमोर येऊन म्हणाला, "मॅडम जी, इतनी मेहनत से इंग्लिश सीखी. अब ठीक लिखता हूँ तो कहते हैं मशीन है. गलत लिखूँ क्या?"

वृषाली त्या रात्री झोपली नाही, असं तिचा नवरा सांगतो. सकाळी तिने स्वतःचा थिसिस काढला. एआय हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता तेव्हाचा! तो त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातला. निकाल तोच, बहुतेक मजकूर मशीनचा.

कमिटीपुढे तिने दोन्ही निकाल ठेवले. "सर, पहले मेरी डिग्री वापस लीजिए. फिर मनदीप का देखेंगे."

मग कमिटीने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मनदीपला समोर बसवून त्याच्या प्रकरणावर प्रश्न विचारले. हे का केलं, ते का नाही केलं, हा आकडा कुठून आला. पोरगा भडाभडा बोलत सुटला. थांबवावं लागलं त्याला.

आरोप तिथेच मिटला, सगळे उठले. अध्यक्ष मात्र मागे रेंगाळले आणि दार लोटून वृषालीला हळूच म्हणाले, "मैडम, ज़रा मेरा भी डाल के देखिए ना."

त्यांचं काय निघालं, ते वृषाली आजतागायत सांगत नाही!

*

एक छोटासा माझा.

एका जर्नलकडे आम्ही पेपर पाठवला होता. त्यावर एका परीक्षकाचा अभिप्राय आला. फार गोड भाषा. "लेखकांनी विषयाची सखोल मांडणी केली आहे, विशेषतः सहावी आकृती अत्यंत बोलकी आहे."

आमच्या पेपरात आकृत्या चार!

माझं डोकं सणकलं. दोन वर्षं उन्हात उभं राहून केलेलं काम, आणि ते न वाचताच कुणीतरी मशीनपुढे टाकून मोकळा झाला. संपादकांना तक्रारीचं ईमेल लिहायला बसलो. वृषालीने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "तक्रार कशाला करतोस? पाचवी अन् सहावी काढून दे की! आवडलीये त्याला!"

तक्रार मी केलीच. संपादकबाईंनी माफी मागितली आणि पेपर नव्या परीक्षकाकडे पाठवला. त्याने आमच्या तीन चुका काढल्या. तिन्ही खऱ्या. इतका आनंद मला कधी चुका निघाल्याचा झाला नव्हता!

*

वृषालीचा नवरा शेखर डॉक्टर आहे. ब्लडप्रेशर, किडनी असल्या दुखण्यांचा. त्याचे एक पेशंट शर्माजी, रिटायर्ड अधिकारी. वर्षानुवर्षं न चुकता येणारे. ते मध्ये गायबच झाले आणि उगवले ते सुजलेल्या पायांनी, सुनेच्या आधाराने.

"गोळ्या घेताय ना?" शेखरने हिंदीत विचारलं.

"नहीं जी. आप ही ने तो बंद करवाई."

शेखरला वाटलं, काहीतरी घोटाळा होतोय. शर्माजींनी मोबाइल काढून व्हिडिओ लावला. त्यात शेखर! पांढरा कोट, तोच चष्मा, तोच आवाज. सांगत होता की गोळ्यांनी किडनी खराब होते, त्यापेक्षा अमुक पावडर घ्या.

"शर्माजी, हा मी नाही."

शर्माजींनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा शेखरकडे. "पक्का? टाई तो आपकी ही है."

व्हिडिओ कुणीतरी एआयने बनवला होता. शेखरने पोलिसांत तक्रार दिली, दवाखान्यात फलक लावला, सगळं केलं. शर्माजींना ॲडमिट करावं लागलं. काही दिवस जड गेले, पण माणूस उठून बसला. घरी जाताना शेखरचा हात हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टर साहब, बुरा न मानना. वह वीडियो वाले आप ज़्यादा प्यार से समझाते थे."

हे शेखरने आम्हाला जेवताना सांगितलं. आम्ही हसलो, तो नाही हसला.

तेव्हापासून त्याची ओपीडी रोज लांबते. वृषाली कुरकुरते, "भाजी गार होते बघ रोज." आणि लगेच म्हणते, "होऊ दे."

*

आता ढिल्लों सरांचंच आणखी एक. मायक्रोस्कोपखालच्या फोटोंवर त्यांचं भारी प्रेम. आयुष्यभर पोरांवर ओरडले, "स्लाइड साफ करो! धूल का एक कण नहीं दिखना चाहिए!" त्यांच्या धाकात शिकलेल्या पोरांचे फोटो आरशासारखे असतात.

मध्ये असाच एक फोटो जर्नलने शंका घेऊन परत पाठवला. इतका स्वच्छ फोटो खराच आहे का, की एआयने बनवलाय, मूळ फाइल दाखवा, म्हणून. फाइल दाखवली, प्रश्न मिटला. पण सर दिवसभर खट्टू.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक मुलगी फडक्याने स्लाइड पुसत होती. सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले. मग मनावर दगड ठेवून म्हणाले, "बेटा... थोड़ी धूल रहने दे."

*

आणि हा तेजसचा.

तेजस माझा पीएचडीचा विद्यार्थी, लातूरकडचा. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचा दाणा भरतो, तेव्हा रोज दुपारी शेतात जाऊन पानांची रीडिंग घ्यायची, हे त्याचं काम. उन्हाने पान कधी दमायला लागतं, ते त्यातून कळतं. एका वर्षी ऐन त्या दिवसांत गावाकडून फोन आला. वडिलांना हार्ट ॲटॅक आला होता. पोरगा तसाच निघाला. वडील वाचले, तो परत आला, काम संपवलं. पेपर लिहिला, चांगल्या जर्नलने तो स्वीकारलाही. आम्ही लॅबमध्ये बर्फी वाटली.

थोड्या दिवसांनी कृषी खात्याचे एक अधिकारी भेटायला आले. पेपर वाचला होता त्यांनी. उशिरा पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यांना सल्ला द्यायला हे आकडे वापरावेत म्हणत होते. मी खूश! तेजसला बोलावून ओळख करून दिली. तो हो-नाही करत उभा राहिला.

ते गेले आणि तेजसने केबिनचं दार लावून घेतलं.

"सर, मी गावी होतो त्या दिवसांची रीडिंग माझ्याकडं नव्हतीच. आधीचे आणि नंतरचे आकडे एआयला दिले, मधले त्यानं भरले."

मी टेबलावरचा पेपर पुढे ओढला.

"कुणाला कळलं नसतं, सर. पण आता लोक त्याच्यावर गहू पेरणार."

मला राग आला, फार आला. त्याच्यावर आला, आणि त्याचे वडील आजारी असताना "तू काळजी करू नकोस, मधली रीडिंग गेली तर गेली" एवढं वाक्य मला सुचलं नाही, म्हणून स्वतःवरही आला. ढिल्लों सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पेपर वापस लो. आज ही. लड़का खुद बोला है, यह याद रखना."

पेपर मागे घेतला. कृषी खात्यालाही कळवलं. बाहेर कुजबुज झाली, व्हायचीच होती. कमिटीने तेजसला ताकीद दिली आणि पूर्ण हंगाम पुन्हा करायला सांगितला. म्हणजे पीएचडी आणखी एक वर्ष लांबली.

पुढच्या मार्चमध्ये त्याचे वडील चंदीगडला येऊन हजर! हातात पिशवी, डोक्यावर टोपी. मला म्हणाले, "मीच आलो इथं. आता ह्याला माझ्यापायी पळायला नको."

विद्यार्थ्यांसाठी भाड्याने दिलेल्या एका खोलीत बापलेक राहिले. दुपारी तेजस शेतात रीडिंग घ्यायचा आणि बांधावरच्या शिरीषाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर वडील बसलेले असायचे. हिंदी धड येत नव्हती, पंजाबी तर नाहीच. तरी शेतावरच्या माणसांशी पिकाबद्दल तासन्‌तास बोलायचे. काय बोलायचे, कोण जाणे!

हंगाम संपला. तेजस नवा आलेख घेऊन केबिनमध्ये आला. ढिल्लों सरही होते. सरांनी जुना आलेखही मागितला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही रेघा जवळजवळ सारख्याच होत्या! एआयने बसल्या जागी भरलेले आकडे आणि पोराने महिनाभर उन्हात उभं राहून आणलेले आकडे, त्याच उंचीवरून त्याच वळणाने उतरत होते. फक्त नवी रेघ एका ठिकाणी खाली खचली होती आणि मग हळूहळू वर आली होती.

सरांनी चष्मा काढला. "मशीन ने तो सही बताया था, पुत्तर. फिर तेरा साल किस काम का?"

तेजस उत्तर शोधत होता असं मला वाटलं नाही. त्याने वाकून त्या खचलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि सरांना कळेल की नाही याचा विचार न करता मराठीतच म्हणाला,

"ह्या दिवशी गारा पडल्या होत्या, सर. बाबा भिजले होते."