तीन बोटांची जागा

आमची मेघा डेंटल कॉलेजात लेक्चरर म्हणून रुजू झाली, त्या संध्याकाळी मी तिच्या पप्पांवर असं काही ओरडले की गारखेड्यातली आमची गल्ली दारात आली. कारण काय, तर पेढा.

तुम्ही म्हणाल, बाई, आनंदाच्या दिवशी कुणी ओरडतं का? मी ओरडते. माझं डोकं पहिल्यापासून गरम. ह्यांना विचारा, नाहीतर शेजारच्या चंपाबाईला विचारा, ती तर मीठमसाला लावून सांगेल.

झालं असं. त्या दिवशी कॉलेजात नवीन लागलेल्या तिघांचा सत्कार होता. गुलाबाची फुलं, फोटो, मोठ्या मॅडमचं भाषण. मेघा पांढरा कोट हातावर टाकून घरी आली, खिशावर तिचं नाव शिवलेलं. मी तो कोट आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला आणि मग पेढ्यांचा पुडा फोडला. आमच्या घरात लेकरानं काही मिळवलं की पहिला पेढा आईबापाला आपल्या हातानं भरवायचा, आणि अख्खा भरवायचा. मोडलेला मला चालत नाही. आनंद काय अर्धा करून खायचा असतो का?

मेघानं मला भरवला. मी गाल फुगवून खाल्ला, चंपाबाईनं मोबाइलवर फोटो काढला. मग मेघा पप्पांकडं वळली. ह्यांनी तोंड जरासं उघडलं. पेढा दातांना टेकला आणि तिथंच अडला. मेघाला वाटलं, पप्पा चेष्टा करतायत. तिनं हसत जरा पुढं सारला, तर पेढा फुटला आणि ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला. हे खाली बसून कण न् कण वेचायला लागले. चिमटीनं थोडा थोडा तोंडात सारला आणि म्हणाले, "एवढा मोठा पेढा आणतेत व्हय? लाडूच हाय जसा."

"लेकीच्या हातचा एक घास नीट खाता येईना तुम्हाला?" मी जी सुटले ती सुटलेच.

"जाऊ द्या ना भामाबाई," चंपाबाई म्हणाली, "बापाचं मन भरून आलंय."

मेघा पप्पांच्या गालाकडं एकटक बघत होती.

आता ह्यांचं सांगते. माझा नवरा संघपाल म्हणजे एकेकाळी नुसता आवाज होता. देवगाव रंगारीला आमचं लग्न लागलं तेव्हा नवरदेव असून हेच सगळ्यात मोठ्यानं वंदना म्हणत होते. भंतेजींनी मधेच थांबून ह्यांच्याकडं बघितलं. माझी आई कानात म्हणाली, "बरंय पोरी, जावयानं लाउडस्पीकरचा खर्च वाचवला." हसायचे तर असं की पत्र्यावरची कबुतरं उडायची. शहरात आलो, गारखेड्यात खोली घेतली, तर महिनाभरात विहारातली वंदना ह्यांच्याकडंच आली. लहान पोरं ह्यांच्या मागं म्हणायची, त्यात मेघा सगळ्यात पुढं. तिचा दुधाचा दात हलायला लागला की ती माझ्याकडं यायची नाही, पप्पांकडं जायची. हे तिला काहीतरी गमतीचं सांगत राहायचे, ती हसायला लागायची, आणि दात कधी निघाला ते तिला कळायचंच नाही.

नोकरी वाळूजच्या कारखान्यात, प्रेसवर. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं मशीन. पत्रा ठेवायचा, हात काढून घ्यायचा, वरनं दणका. हात काढायला डुलकीएवढा उशीर झाला की बोटं गेली. ह्यांच्या शेजारी काम करणाऱ्या फकिराभाऊंची तशीच गेली. ते घरी आले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, आणि मी तिकडं बघायचं टाळायचे.

मेघा डेंटल शिकायला लागली, तसं ह्यांनी साहेबाला सांगून कायमची रात्रपाळी मागून घेतली. जास्तीचे पैसे मिळायचे आणि दिवसा दुसरं कामही करता यायचं. पण माणूस झोपणार कधी? मग डोळा लागू नये म्हणून गालात मावा धरायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटून पुडीत बांधून मिळतं ते. मी काय कमी भांडले? पुड्या फेकल्या, मोरीत ओतल्या, माहेरी जायची धमकी दिली. हे हसायचे. "भामे, दारू पितो का मी? पंचशील मोडलं का? सुपारी हाय, सुपारी!" आणि दोन्ही हात माझ्या तोंडापुढं नाचवायचे. "हे बघ, दहाच्या दहा शाबूत. फकिराला इचार ह्याची किंमत."

हळूहळू आवाज बसत गेला. भाकरी कुस्करून आमटीत भिजवून खायला लागले. ठेचा आवडीचा, तो बंद झाला, तोंडाची आग होते म्हणाले. विहारात मागच्या रांगेत बसून ओठातल्या ओठात पुटपुटायचे. विचारलं तर म्हणायचे, दाढ दुखती. मला मात्र राग यायचा, की म्हातारपणी नखरे वाढले ह्या माणसाचे. मेघा पुढच्या शिक्षणाला नागपूरला होती, सुट्टीला आली की हे दिवसा कामावर, रात्री पाळीवर. बापलेकीचं बोलणं सगळं फोनवरच.

तर त्या पेढ्याच्या संध्याकाळी, चंपाबाई गेल्यावर मेघानं दार लोटून घेतलं.

"पप्पा, आ करा."

"घरात डाक्टरकी नको बरं का. माझी इस्त्री मोडली आधीच."

"मग हे करून दाखवा." तिनं आपली मधली तीन बोटं जुळवली, उभी धरली आणि तोंडात घातली. "निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं अशी जातात. आई, तू घाल." मी घातली. गेली. ह्यांनी हात पाठीमागं नेला.

मेघानं मग काही झाकलं नाही. सुपारीनं गाल आतून ताठ होतात, तोंड आवळत जातं, आणि काही जणांना त्यातनंच कॅन्सर होतो, असं तिनं सरळ सांगितलं. तोंडात कॅन्सर सुरू झालाय का, हे आतला तुकडा काढून तपासल्याशिवाय तिलाही कळणार नव्हतं. "उद्या माझ्याबरोबर कॉलेजात चला," ती म्हणाली.

मी खाली बसले. हे मात्र म्हणाले, "नाय."

"नाय म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय. आज लागली तू तिथं. तोंडाची डाक्टरीण, पोरांना शिकवणार. आणि बापाचंच तोंड मावा खाऊन बंद? लोक काय म्हणतील? तुझी इज्जत घालवायला येऊ का मी?"

"पप्पा, इज्जत गेली तर परत येईल," मेघा म्हणाली आणि रडायलाच लागली. डॉक्टर झालेली पोर, लहानपणी रडायची तशीच नाक वर ओढत रडत होती. हे उठून बाहेर गेले. त्यांचे पण डोळे भरलेले होते, मी पाहिले.

पुढचे काही दिवस घरात नुसती लढाई. ती रोज कॉलेजात जाऊन परक्या लोकांची तोंडं तपासायची आणि घरी येऊन बापाच्या तोंडाकडं बघत बसायची. जेवायची नाही. शेवटी मी स्वयंपाक बंद केला. माझ्याकडं दुसरं हत्यार कुठलं? चूल बंद म्हणजे बंद, खुशाल उपाशी राहा सगळे. दुसऱ्या दिवशी हे आपणहून बोलले.

"येतो. पण तिथं मला पप्पा म्हणायचं नाय. मी वाळूजचा एक कामगार. तू मॅडम."

मेघानं मान डोलावली.

"आणि मी कोण?" मी विचारलं.

"तू कामगाराची बायको. आणि तोंड बंद ठेवायचं."

"बंद तुमचं झालंय, माझं नाही," मी म्हणाले. तेवढ्यातही हे हसले. हसले म्हणजे खांदे हलले फक्त.

कॉलेजात भलामोठा हॉल, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर दिवा. ह्यांना एका खुर्चीत आडवं केलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि हात मात्र पोटावर घट्ट धरलेले. भोवती शिकणारी पोरं-पोरी जमली. मेघा आली, तोंडाला मास्क, हातात मोजे. "काका, दिवा डोळ्यावर येतोय का?" तिनं विचारलं. काका! हे म्हणाले, "नाय मॅडम."

मेघाच्याच दिवशी लागलेले एक ऋतुराज सर तिथं होते. तरुण, चुणचुणीत, बोलायची भारी हौस. त्यांनी ह्यांच्या तोंडात वाकून बघितलं आणि पोरांना समजवायला लागले. "बघा, गाल आतून कसे पांढरे पडलेत. किती वर्षांचा मावा आहे हा! या लोकांना सगळं माहीत असतं. तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरचं चित्र छापलेलं असतं, तरी खातात. सांगून उपयोग नसतो. घरच्यांची फिकीर असती तर सोडलं नसतं का?"

मी स्टुलावरनं उठलेच. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण ह्यांनी खुर्चीतूनच माझ्याकडं बघितलं, बस म्हणून. आणि मी बसले, ठरलं होतं म्हणून.

मेघा शांत होती. "काका," ती म्हणाली, "तुमची तीन बोटं तोंडात घालून दाखवा."

ह्यांनी हात वर केला. एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं. हे परत परत सारत राहिले, जणू जोर लावला की जाईल. एका पोरीनं मान खाली घातली.

मेघानं तो हात धरला, मोजे काढून टाकले आणि ह्यांची तीन बोटं आपल्या मुठीत घेतली.

"सर, ही बोटं बघा," ती म्हणाली. "हे प्रेसवर काम करतात. तिथं डुलकी लागली की बोटं जातात. मी शिकत होते, म्हणून ह्यांनी वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आणि जागं राहायला गालात मावा धरला. दहाच्या दहा बोटं वाचवली. आता त्यातली तीन ह्यांच्या तोंडात जात नाहीत." मग तिचा आवाज फाटला. "हे माझे पप्पा आहेत."

हे दिव्याखाली डोळे मिटून पडलेले, कानापर्यंत पाणी ओघळत होतं.

"मेघे," हे हळूच म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?"

"मोडलं मी. पंचशील तर नाही ना मोडलं?"

ह्यांना हसू आलं, पण तोंड उघडेना, म्हणून नुसतेच खांदे हलायला लागले, आणि मग मी, मेघा, दोघी हसतोय का रडतोय ते आम्हालाच कळेना. ऋतुराज सरांनी मास्क खाली केला. चेहरा लालबुंद झालेला. "काका, माझं चुकलं," म्हणाले आणि दिवा ह्यांच्या डोळ्यावरनं बाजूला केला. तुकडा काढताना पूर्ण वेळ ते ह्यांचा खांदा धरून उभे होते. मी त्यांना माफ केलं, पण लगेच नाही. जिना उतरेपर्यंत लावला वेळ.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले, विचारू नका. चहा करायला जायचे आणि रिकामं भांडं गॅसवर ठेवून उभी राहायचे. मग एका दुपारी मेघाचा फोन आला. "आई, कॅन्सर नाही," एवढंच बोलली. मी फोन घेऊन चंपाबाईच्या गळ्यात पडले, ती बिचारी घाबरली.

मावा सुटला. सुरुवातीला हे लई चिडचिडे झाले, बडीशेपेचे बकाणे भरायचे. गालात सुया टोचून घ्याव्या लागतात, आणि रोज तोंड उघडायचा व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या असतात ना, तसल्या काड्या एकावर एक रचून दातांमधे धरायच्या आणि मधेच एक वाढवायची. हे काड्या धरून बसले की तेवढा वेळ घरात माझं एकटीचं राज्य. मेघानं आधीच बजावलंय, पहिल्यासारखं पूर्ण उघडणार नाही, पण जेवढं मिळेल तेवढं मिळवायचं. आता दुसरं बोट अर्धं आत जातं.

आणि पप्पा म्हणू नको म्हणणारा हा माणूस आता कॉलेजच्या रांगेत काय करतो? पुढच्याला सांगतो, मागच्याला सांगतो, "आत मेघा मॅडम हाय ना, माझी पोरगी हाय ती." एकाच माणसाला दोनदा सांगतात. मेघा लाजते. मी म्हणते, सांगू दे.

परवा मेघाच्या विभागात अजून एक नवीन मॅडम लागल्या. त्यांचे पेढे मेघा घरी घेऊन आली. पुडा ह्यांच्यासमोर ठेवला. हे पेढ्याकडं बघायला लागले, मग माझ्याकडं. तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं. मी अंदाज घेतला. अख्खा मावणार नव्हता.

मी पेढा उचलला आणि माझ्या हातानं मोडला. अर्धा ह्यांच्या तोंडात सारला. गेला. न फुटता, न सांडता गेला. उरलेला अर्धा ह्यांनी माझ्या हातातून घेतला आणि मला भरवला.

"अर्धा चालतो व्हय तुला आता?" हे भरल्या तोंडानं म्हणाले.

"गप बसा," मी म्हणाले, "आणि नीट चावून खा."