गरमपोहे नावाची बोली

विमलताई बोलायला लागली की मुकुटबन गावातले कावळेसुद्धा उडून जातात, असं तिचा नवराच सांगायचा. सोयरिकी जुळवणं हा तिचा छंद, आणि स्तुती करताना हात भलताच सैल. शेजारच्या बबनरावांच्या सलोनीचं तिनं इतकं गुणगान केलं, की आलेली स्थळं घाबरूनच परत गेली. "एवढी गुणाची पोरगी आमाले काहून देऊन राह्यले?" असा त्यांना संशय!

आता बाभुळगावचा रजत सलोनीला पाहायला यायचा होता. दोघांचं फोनवर आधीच जमलेलं, आणि त्याची बारीकसारीक खबर सलोनी ताईला देत असे. खोडा एकच, रजतचे वडील विठ्ठलराव. मध्यस्थाच्या शब्दावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. सलोनीनं बजावलं होतं, "काकू, हे स्थळ गेलं तं मी तुयाशी जन्मात बोलणार नाई."

आणि नेमका विमलताईचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर गप्प. अगदीच अडलं तर एक-दोन शब्द."

"मंग मी जगू कशी?" ती कुजबुजली, तर कुजबुजल्याबद्दलही ओरडा खाल्ला.

भाची अर्पिता कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "मावशी, जगात एक बोली बनवली हाये लोकायनं. शे-सव्वाशे शब्द फक्त. त्यात सारं भागते." मग दोघींनी ओसरीवर बसून वीसेक शब्दांची आपली बोली रचली, घशाला न लागणारी. लू म्हणजे चांगलं. फुस म्हणजे वाईट, किंवा नाहीच. टिक म्हणजे थोडं. ताई नवऱ्याला 'टिक लू' म्हणू लागली. अर्थ कळेपर्यंत तो लई खुशीत होता.

पाहुणे आले. पोहे आले. विठ्ठलरावांनी प्लेट हातात घेतली, पण घास घेतला नाही.

"ताई, पोरगी कशी हाये?"

"लू."

"चांगली हाये म्हणते," अर्पिता म्हणाली.

विठ्ठलराव पुढचं ऐकायला थांबले. पुढचं नव्हतंच.

"अन् सयपाक?"

बबनरावांनी डोळे मिटले. सलोनीच्या भाकरी साऱ्या गल्लीनं पाहिलेल्या. एरवी ताईनं अन्नपूर्णेलाच पाटावर आणून बसवलं असतं. पण वीस शब्दांत अन्नपूर्णा कुठली?

"फुस," ती म्हणाली.

"नाई येत," अर्पितानं जीव मुठीत धरून सांगितलं.

"फुस?" विठ्ठलरावांनी ताईकडं पाहिलं.

"फुस!"

खाली मान घालून बसलेली सलोनी फिदकन हसली. रजत म्हणाला, "मले येते न, बाबा."

विठ्ठलराव आता सरसावून बसले. "अन् आमचा पोट्टा कसा?"

"लू. टिक फुस." आणि ताईनं गाल फुगवून घोरून दाखवलं.

"अरे बाप्पा! हे तुमाले कोनं सांगतलं?" हसून हसून विठ्ठलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं बोलनारा मध्यस्थ आज पाह्यला! बबनराव, जमलं समजा. अन् हे पोहे पाहा, अजून गरमच हायत! ताई, काय म्हनता या बोलीले?"

नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. ताईनं त्यांच्या प्लेटीतल्या वाफेकडं बोट दाखवलं. तेव्हापासून त्या बोलीचं नाव गरमपोहे.

लग्नात सलोनीला नाव घ्यायचा आग्रह झाला. तिनं माईक धरला. "रजत लू. टिक फुस."

मांडव हसून लोळला. बाभुळगावची एक म्हातारी म्हणाली, "काय म्हनते वो पोरगी?"

विमलताईचा घसा आता मोकळा झाला होता. तिनं माईक घेतला आणि अर्थ सांगायला सुरुवात केली. पंगतीतलं वरण गार झालं, जिलेब्या कडक झाल्या, तरी ती अजून 'लू'वरच होती.