भूकंपाच्या बेलचं पेटंट

भूकंपानंतर लातुरात बरेच दिवस कुणी निवांत झोपत नव्हतं. घरोघरी उशाशी भांड्यावर भांडं रचलेलं असायचं. जमीन हलली की ती पडणार आणि आपण उठून बाहेर पळणार. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, त्यामुळे भांडी मला कमीपणाची वाटली. मी एक लंबक टांगला, त्याच्याभोवती तारेचं कडं बसवलं आणि सेल लावून दाराची बेल जोडली. लंबक हलून कड्याला टेकला की बेल वाजायची. याचं पेटंट घ्यायचं आणि ही बेल माझी, हे जगाकडून कबूल करून घ्यायचं, एवढीच इच्छा होती.

पेटंट म्हणजे गुपित, अशी माझी पक्की समजूत. यंत्र कपाटात कुलूपबंद. बायकोनं विचारलं तेव्हा रेडिओ दुरुस्त करून राहिलो म्हणून सांगितलं.

पेटंटचं काम बघणारे एक वकील नांदेडला भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी कुणाला दाखवलं का, असं विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "फक्त क्लासमध्ये."

त्याचं असं झालं, की लंबकाचा धडा आला. समोर खचाखच भरलेली बॅच, हातात खडू, मागं मोकळा फळा. मी आकृती काढली, भागांना नावं दिली आणि वर 'हमखास विचारतात' असं लिहिलं. मुलांनी ती इमानदारीत उतरवून घेतली.

वकील म्हणाले, "सर, पेटंट लपवायला नसतं. सरकारजवळ सगळं उघड करायचं. बदल्यात काही वर्षं दुसऱ्या कुणाला ते बनवून विकता येत नाही. पण आधी अर्ज, मग बोभाटा. तुम्ही बोभाटा आधी उरकला. आता ते नवीन राहिलं नाही."

घरी सांगावंच लागलं.

"म्हंजे घरात लपवलं अन् गावाला शिकवलं," बायको म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

परीक्षेत तो प्रश्न आला नाही. मुलांनी मात्र खोल्याखोल्यांत बेली बसवल्या. ट्रक गेला की सगळ्या एकदम वाजायच्या आणि अख्खी बॅच टॉवेलावर रस्त्यात. शेवटी मुलांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या चाची माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"सरजी, ही घंट्यांची भानगड तुमचीच हाय ना?" सगळी गल्ली ऐकत होती.

"हाव, माझीच," मी म्हणालो आणि तसं लिहून देता का, म्हणून त्यांना विचारलं.