पडद्यावरची चिठ्ठी

सकाळी कॉम्प्युटरवरचं लिनक्स अपडेट केलं आणि पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली, पुढचं वाक्य विसरलेल्या माणसासारखी. अकरा वाजता बायकोला याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाला घराचा नकाशा दाखवायचा होता. कॉम्प्युटर पुन्हा चालू करून सुरुवातीला येणाऱ्या यादीतून मी लिनक्सची आधीची आवृत्ती निवडली, तर चित्र लख्ख परत आलं. पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अजून त्या जुन्या आवृत्तीलाच ओळखत होता.

"मग नवीन घेतलंसच कशाला?" बायकोनं विचारलं.

खरंच, कशाला? काहीच अडलं नव्हतं. नवं आलंय म्हटलं की हात स्वस्थ बसत नाही. सुधारतो म्हणजे आपण नेमकं काय करतो, कोण जाणे.

पडद्यावर माझ्याच अक्षरातली जुनी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'चालतंय. हात लावू नकोस.' तिच्याखाली अपडेटचं बटण झाकलं जात होतं, म्हणून सकाळी मीच ती बाजूला सरकवली.