बाबांचा राजीनामा आणि आईचं लोन

लोनच्या फायलीत कागद साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की किश्श्यांच्या तीन-तीन कॉपी बँक मागत नाही. आमच्या घरची फाइल माझ्याकडे असते. मला फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून आईने मला कागदांवर बसवलं.

आई इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, घरातूनच पोळ्या आणि चकल्या विकते. जवळचं पिझ्झाचं दुकान बंद पडलं, तेव्हा जागेचा मालक तिच्यासाठी जूनपर्यंत थांबायला तयार झाला. पण सरकारी गॅरंटीचं लोन मिळालं तरच ते दुकान आईचं होणार होतं.

*

पहिल्या मीटिंगला बँकेतल्या लोनवाल्या बाईने, डेनिसने, विचारलं, किती हवेत? आईने घरी ठरवलेल्या आकड्याच्या निम्मा सांगितला. डेनिसने यादी पाहिली. यात फ्रीज कुठे आहे? आईने थोडं वाढवलं. आणि एक्झॉस्ट? आणखी थोडं. असं करत डेनिसनेच तिला मूळ आकड्यावर आणलं.

गाडीत मी विचारलं, असं का केलंस?

"पहिल्यांदाच कोणी पूर्ण वाढून घेतं का गं?"

*

बिझनेस प्लॅनमध्ये ‘तुमचे स्पर्धक’ असा एक भाग असतो. आमच्या भागात पोळ्या विकणाऱ्या दुसऱ्या म्हणजे शुभामावशी, आईची मैत्रीण. मी त्यांचं नाव लिहिलं. आईने ते काढायला लावलं. मैत्रिणीला स्पर्धक म्हणायचं, तेही सरकारी कामात! मग मी लिहिलं, स्पर्धक नाहीत. डेनिसने ते परत पाठवलं. स्पर्धक नाहीत म्हणजे गिऱ्हाईकही नसेल, असं वाचणाऱ्याला वाटतं म्हणे.

शेवटी आईने घाबरत घाबरत मावशीला फोन लावला. मावशी म्हणाल्या,

"पहिल्या नंबरवर घालणार असशील तर घाल."

*

‘मॅनेजमेंटचा अनुभव’ या रकान्यात आई ‘नाही’ लिही म्हणाली. बाबांनी आठवण करून दिली, की मंडळाच्या गणपतीला चारशे पानं तिने उठवली होती, आणि स्वयंपाकघरात अकरा काका एकमेकांना सूचना देत होते. मी दोन्ही लिहिलं. डेनिसने चारशेवर काही म्हटलं नाही. अकरा काकांखाली मात्र रेघ मारली.

*

मग नियम बदलला. आता धंद्याचा प्रत्येक मालक अमेरिकन नागरिक हवा, असं डेनिसने फोनवर सांगितलं. आई दोन वर्षांपूर्वी नागरिक झाली. बाबा अजून ग्रीन कार्डवर, त्यांचा नागरिकत्वाचा फॉर्म ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून ड्रॉवरमध्ये. आणि आईच्या कंपनीत त्यांचा दहा टक्के हिस्सा.

त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी ड्रॉवर उघडला आणि तसाच बंद केला.

मार्ग एकच होता. बाबांनी हिस्सा सोडायचा, आणि लोन होईपर्यंत धंद्याचं कुठलंही काम करायचं नाही. पगारी नाही आणि बिनपगारीही नाही. गेली नऊ वर्षं आईचे तवे आणि पातेली बाबाच घासतात.

राजीनामा मी टाइप केला. सही करताना बाबांनी विचारलं, "सेंड-ऑफ आहे का?"

*

डेनिस आमचं स्वयंपाकघर बघायला घरी आली, तेव्हा बाबा सवयीने सिंकपाशी उभे होते, हातात घासणी. शेजारी आईची मोठी कढई. दारात डेनिसला पाहून ते थिजले. मग कढईकडे ढुंकूनही न बघता त्यांनी स्वतःचा चहाचा कप उचलला आणि घासायला लागले.

डेनिस अर्धा तास होती. इतका स्वच्छ कप आमच्या घरात दुसरा नाही.

*

मेमध्ये लोन मंजूर झालं आणि दुकानाची किल्ली मिळाली. आता बाबांना नोकरीवर ठेवता येईल, असंही डेनिसने कळवलं. नव्या सिंकसमोर बाबांनी बाह्या सरसावल्या.

"थांब," आई म्हणाली. "आधी अर्ज दे."

बाबांनी माझ्या फायलीतला एक कोरा कागद घेऊन तिथेच अर्ज लिहिला. अनुभव, नऊ वर्षं. आधीची नोकरी सोडण्याचं कारण, सरकारी नियम. चौकशीसाठी संपर्क, शुभामावशी.

आईने अर्ज शांतपणे वाचला आणि खरंच मावशीला फोन लावला. स्पीकरवर.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"तू नको घेऊस त्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पाठव."